नुसती पिशवी काढून भागत नाही

अंग बाहेर येण्यावर, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरण्यावर, 'गर्भपिशवी काढून टाका' एवढाच उपाय या विषयावरच्या लेखात दिलाय, तो अपुरा वाटला. सासूबाईंचं ऑपरेशन इथे पुण्यातच झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. पिशवी खाली येते ती तिला धरून ठेवणारे स्नायू आणि बंध सैल पडल्यामुळे. ती काढली, पण योनीचा वरचा भाग आतल्या बंधांना टाके घालून पक्का केला नाही, तर पुढे तोच खाली उतरू शकतो. लघवीची पिशवी उतरली असेल तर तिचीही दुरुस्ती त्याच वेळी करतात.

पुढे मूल हवं असेल तर पिशवी न काढता पट्टीनं वर बांधता येते. त्यातली एक पद्धत आपल्या मुंबईच्या डॉ. शिरोडकरांची, मराठी लेखात तिचा साधा उल्लेखही नसावा? आधारासाठी कृत्रिम जाळी (मेश) बसवणार असतील तर योनीमार्गे की पोटातून, हे जरूर विचारा. प्रोलॅप्ससाठी, म्हणजे अंग बाहेर येण्यावर, योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेत २०१९ मध्ये बंद करायला लावली. पोटातून बसवतात तो प्रकार वेगळा.

आणि त्रास फारसा नसेल तर ऑपरेशनची घाई कशाला? रिंग पेसरी (आधारासाठी योनीत बसवायची कडी) आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. ऑपरेशननंतर मात्र निदान सहा आठवडे जड उचलणं बंद. आमच्याकडे सासूबाईंच्या हातून पाण्याची बादली काढून घेणं हेच सगळ्यात अवघड गेलं!