मीटर भंगारात काढण्याआधी

मेंटेनन्सवाल्यांच्या आणि पॅनल बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. आशय थोडक्यात असा: ज्या उपकरणाला फक्त सिरियल पोर्ट (एकामागोमाग एक बिट पाठवणारा जुना पोर्ट) आहे, ते आजच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला जोडण्याच्या फंदात पडू नका. कारणं पाच दिली आहेत. नव्या सॉफ्टवेअरला सिरियल कळत नाही. ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगावर, रिअल टाइम काही मिळत नाही. आरएस-४८५ ची (अनेक उपकरणं एकाच दोन तारांवर जोडणारी सिरियल) लाइन नॉइज खाते आणि एक मीटर गेला की सगळी लाइन झोपते. सिरियलमध्ये सुरक्षा नाही, इथरनेटमध्ये आहे. आणि एवढ्या खटाटोपापेक्षा सगळं बदलून टाकणं स्वस्त पडतं.

संदेश लिहिणाऱ्याला साइटचा अनुभव आहे हे जाणवतं, म्हणून तर तो पटतो. पण अनुभवातून काढलेला निष्कर्ष चुकला आहे. लिहितोय ते मुख्यतः एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि तापमान कंट्रोलर यांच्याबद्दल, कारण आपल्याकडच्या पॅनलांत सिरियल म्हटलं की बहुतेक वेळा आरएस-४८५ वरचं मॉडबसच, म्हणजे उपकरणांशी बोलण्याची ठरलेली भाषा, निघतं.

पहिलं कारण पटकन निकालात निघतं. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीनं आपल्या पीएलसीसाठी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढलं आणि आजही ते वाचता येत नाही असं औद्योगिक सॉफ्टवेअर शोधावं लागेल. केपवेअरमध्ये सिरियल मॉडबसचा ड्रायव्हर आहे. फुकटातलं हवं असेल तर नोड-रेडला मॉडबसचा नोड जोडता येतो, टेलिग्राफमध्ये मॉडबसचं प्लगइन आहे, आणि सर्व्हरवर नजर ठेवण्यासाठी आयटीवाले वापरतात त्या झॅबिक्सचा एजंट २ सुद्धा सिरियल पोर्टवरून रजिस्टर, म्हणजे मीटरमधले आकड्यांचे कप्पे, वाचतो. ज्या एमक्यूटीटीचं (उपकरणांचा डेटा पाठवण्याच्या प्रोटोकॉलचं) नाव घेऊन जुन्याला मोडीत काढलं जातं, तेच मुळात १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे अर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवरच्या उपकरणांची माहिती उपग्रहावरून आणण्यासाठी तयार केलं होतं. म्हणजे शेतातल्या, वाळवंटातल्या जुन्या खोक्यांशी बोलणं हाच त्याचा जन्माचा उद्योग.

मग लोकांना जोडताना त्रास का होतो? होतो, आणि तो खरा आहे. पण तो पोर्टपाशी नसतो, पोर्टच्या पुढे असतो. एक नेहमीचं उदाहरण घ्या. मीटरच्या डिस्प्लेवर २३० व्होल्ट दिसतात आणि सॉफ्टवेअरमध्ये शून्य. लगेच निदान होतं की मीटर जुना आहे, जुळत नाही. प्रत्यक्षात २३०.० हा आकडा फ्लोट (दशांश आकडा) म्हणून दोन रजिस्टरांत बसतो: हेक्समध्ये एकात ४३६६ आणि दुसऱ्यात ००००. काही कंपन्या आधी ४३६६ पाठवतात, काही आधी ००००. सॉफ्टवेअरनं उलट क्रमानं जोडणी केली तर जो आकडा तयार होतो तो इतका सूक्ष्म असतो की पडद्यावर ०.०० दिसतो. वर्ड ऑर्डरचा एक पर्याय बदलला की २३० येतात. तसंच पत्त्याचं. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं, तारेवर मात्र तो पत्ता ० असतो. सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीनं मोजतं हे पाहिलं नाही तर प्रत्येक मूल्य एक घर सरकलेलं येतं. ३०००१ असेल तर फंक्शन (वाचण्याची आज्ञा) ०३ नव्हे, ०४ लागतं. आणि ज्याचा रजिस्टर मॅपच (कोणत्या रजिस्टरात काय आहे याची यादी) कोणाकडे उरलेला नाही, असं उपकरण इथरनेटचं असतं तरी मुकंच राहिलं असतं.

यापेक्षा चिवट घोटाळा कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये असतो. सिरियलचं इथरनेट करणारी खोकी दोन जातींची. एक नुसती बाइट इकडून तिकडे ढकलते, म्हणजे ट्रान्सपरंट. दुसरी मॉडबस आरटीयू (सिरियलवरचं) उलगडून मॉडबस टीसीपी (इथरनेटवरचं) करते, म्हणजे खरा गेटवे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, आणि बऱ्याच खोक्यांत दोन्ही मोड असतात. खोकं ट्रान्सपरंट मोडवर आणि सॉफ्टवेअर मॉडबस टीसीपीवर असेल, तर पिंग होतं, दिवे लुकलुकतात, डेटा मात्र टाइमआउट. एकाची चौकट सीआरसीनं, म्हणजे चूक तपासणाऱ्या दोन बाइटांनी, संपते, दुसऱ्याची सात बाइटच्या हेडरनं सुरू होते, जुळणार कसं? या एका सेटिंगपायी चांगली उपकरणं बदनाम झालेली आहेत.

आता वेगाबद्दल. हा मुद्दा सगळ्यांत जास्त पुढे केला जातो, म्हणून आकडेमोड करूनच बघू.

९६०० बॉडवर, पॅरिटीसकट ११ बिटांचं एक अक्षर धरलं, तर एक बाइट जायला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. मीटरकडून २० रजिस्टर एकदम मागवायची तर विचारणा ८ बाइटची, म्हणजे साधारण ९ मिलिसेकंद. उत्तर ४५ बाइटचं, म्हणजे ५२. दोन निरोपांमधली साडेतीन अक्षरांची शांतता ४ मिलिसेकंदांची, ती दोनदा. मीटरला विचार करायला ५० दिले, तरी एकूण १२० च्या आत काम झालं. एका लाइनवर २० मीटर असतील तर पूर्ण फेरी अडीच सेकंदांच्या आत.

तेच २० आकडे एकेक करून मागितले की काय होतं बघा. प्रत्येक वेळी ८ बाइटची विचारणा, ७ बाइटचं उत्तर, शांतता आणि मीटरचे ते ५० मिलिसेकंद: सुमारे ७५. वीस वेळा केलं की एका मीटरला दीड सेकंद, वीस मीटरांना तीस सेकंद. तार तीच, बॉड तोच, मीटर तेच, आणि फरक बारापट. मॉडबस एका विचारणेत १२५ रजिस्टरांपर्यंत देतं, ते वापरायचं सोडून टॅग एकेक टाकत बसलं तर दोष ९६०० चा कसा?

दुसरी खरी अडचण मेलेल्या मीटरची. मास्टर (विचारणारं सॉफ्टवेअर) एकेका स्लेव्हला (मीटरला) क्रमानं पुकारतो, वर्गात हजेरी घ्यावी तसा. गैरहजर मुलाचं नाव घेऊन मास्तर दर वेळी पूर्ण सेकंदभर थांबले आणि वर तीनदा हाक मारत राहिले, तर तास हजेरीतच संपेल. टाइमआउट १ सेकंद आणि तीन पुनर्प्रयत्न ठेवले, तर एक बंद मीटर दर फेरीत चार सेकंद खातो. टाइमआउट २०० ते ३०० मिलिसेकंदांवर आणावा, मीटर बंद आढळला की काही मिनिटं त्याला वगळावं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असते; शोधत मात्र कोणी नाही.

आणि हवं किती वेगानं असतं? बिलातली कमाल मागणी १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवर ठरते. भट्टीचं तापमान, टाकीची पातळी, कॉम्प्रेसरचे युनिट, हे सगळं पाच सेकंदांत एकदा वाचलं तरी काही निसटत नाही. बेअरिंगचं कंपन तपासायचं असेल, व्होल्टेज सॅगची वेव्हफॉर्म पकडायची असेल, किंवा कोणता ब्रेकर आधी ट्रिप झाला हे मिलिसेकंदांत लावायचं असेल, तर सिरियल मीटर पुरणार नाही. पण ते काम साध्या इथरनेट मीटरकडूनही होत नाही. त्याला उपकरणच वेगळं लागतं.

लाइन नॉइज खाते आणि एकामुळे सगळी झोपते, यात तथ्य आहे. त्यातल्या पहिल्या अर्ध्याचं खापर मात्र वायरिंगवर फुटायला हवं. आरएस-४८५ हे १९८३ चं मानक दोन तारांतला फरक वाचतं, ते नॉइजमध्ये टिकावं म्हणूनच. कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जातं. तांब्याचं इथरनेट १०० मीटरवर थांबतं. पण त्यासाठी लाइन एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सरळ जायला हवी. आपल्याकडे जंक्शन बॉक्समधून चारी दिशांना फाटे फोडतात. १२० ओमचा रेझिस्टर दोन टोकांना लागतो. तो एक तर कुठेच नसतो, नाहीतर हौसेनं प्रत्येक मीटरला लावलेला असतो. तिसरी तार, म्हणजे कॉमन, वाचवली जाते. शील्ड दोन्हीकडे अर्थ केलेली असते. आणि केबल व्हीएफडीच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेलेली. एवढं करून लाइन चालते, हेच आश्चर्य. ए आणि बी या खुणाही सगळ्या कंपन्यांत एकसारख्या नाहीत, त्यामुळे मीटर बोलत नसेल तर आधी दोन तारा अदलाबदल करून पाहाव्यात. त्यानं काही जळत नाही.

दुसरा अर्धा मान्य. एखाद्या मीटरची पोर्टची चिप सर्जमध्ये शॉर्ट झाली तर त्या लाइनवरचे सगळेच गप्प होतात, आणि मग शिडी घेऊन एकेक कनेक्टर काढत बसावं लागतं. इथरनेटच्या स्टार जोडणीत एकाची केबल गेली तर एकच जातो. मानकात ३२ युनिट लोड (साधारण तितकी उपकरणं) चालतात, हल्लीच्या चिपा त्याहून जास्त घेतात, पण म्हणून एका लाइनवर तीस मीटर टांगू नयेत. दोन-चार पोर्टांचा आयसोलेटेड गेटवे घेऊन विभाग पाडावेत.

संदेशात नसलेली, पण जास्त अडवणारी एक गोष्ट इथेच सांगतो: मॉडबसच्या सिरियल लाइनवर मास्टर एकच असतो. पॅनलवरचा जुना एचएमआय (ऑपरेटरचा पडदा) आधीच मीटर वाचत असेल आणि तुम्ही त्याच दोन तारांवर स्काडाचा (मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा) कन्व्हर्टर लटकवला, तर दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि दोघांनाही कचरा मिळतो. एक तर एचएमआय किंवा पीएलसीकडूनच मूल्यं घ्यायची, नाहीतर दोघांनाही गेटवेच्या मागे रांगेत उभं करायचं.

सुरक्षेचं कारण वाचून सर्वांत जास्त काळजी वाटली, कारण त्यात खोटा दिलासा आहे. सिरियल मॉडबसमध्ये पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, खरं आहे. पण इथरनेटवाला नवा मीटर जे मॉडबस टीसीपी बोलतो, पोर्ट ५०२ वरचं, त्यातही नाही. फंक्शन कोड तेच, विश्वास तोच आंधळा. टीएलएसवर (एन्क्रिप्शनवर) चालणारं सुरक्षित मॉडबस २०१८ मध्ये मानकात आलं, पोर्ट ८०२. नवीन मीटरची ऑर्डर देताना ते आहे का, हे विचारून बघा. म्हणजे सिरियल टाकून इथरनेट घेतलं की सुरक्षा आली, असं होत नाही. उलट जो मीटर आजवर पॅनलबाहेरच्या कुणालाच दिसत नव्हता, तो प्लँटच्या नेटवर्कवर उघडा पडतो.

हेच कन्व्हर्टरलाही लागू आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोरांनी ब्रेकर उघडले, आणि सबस्टेशनमधल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरांचं फर्मवेअरच नासवून टाकलं. कंट्रोल रूममधून ब्रेकर परत लावता येईनात. माणसं पाठवून हातानं लावावे लागले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. सर्वांत स्वस्त आणि दुर्लक्षित खोकंच तिथे कामी आलं, त्यांच्या. तेव्हा कन्व्हर्टरचा मूळ पासवर्ड बदला, त्याला ऑफिसच्या लॅनपासून वेगळं ठेवा, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून घरून मीटर बघण्याची हौस टाळा. गेटवेत सोय असेल तर लिहिणारी फंक्शनं, म्हणजे ०५, ०६, १५ आणि १६, बंद करा. मॉनिटरिंगला वाचणं पुरतं. व्हीएफडीचा स्पीड बदलण्याची मुभा कशाला ठेवायची?

राहिला खर्च. नव्या मीटरची किंमत फार नाही, हे कबूल. पण मीटर बदलणं म्हणजे नुसता मीटर नव्हे. सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी चालू लोडवर उघडी ठेवता येत नाही, म्हणून शटडाऊन किंवा शॉर्टिंग लिंक. दाराचा कटआउट ९६ बाय ९६ चा असला तर नशीब, नाहीतर पत्रा कापा. मग ड्रॉइंग बदला, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट काढा. औषध कंपनीत असाल तर चेंज कंट्रोल आणि पुन्हा क्वालिफिकेशन. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा इंडिकेटर बदलला तर वैधमापनवाल्यांकडून पुन्हा पडताळणी आणि शिक्का आलाच. याउलट अशा बऱ्याच इंडिकेटरांच्या आरएस-२३२ पोर्टमधून वजन अक्षरांच्या रूपात अखंड बाहेर पडत असतं. ट्रान्समिट आणि ग्राउंड या दोन तारांवर ते नुसतं ऐकता येतं, काट्याला काही विचारावंही लागत नाही. जुन्या फॅनुक सीएनसीवर कस्टम मॅक्रो असेल तर प्रोग्रामच्या शेवटी डीपीआरएनटीच्या (पोर्टवर मजकूर पाठवणाऱ्या कमांडच्या) दोन-तीन ओळी टाकून त्याच आरएस-२३२ मधून पार्ट काउंट बाहेर काढता येतो.

बदलावंच लागतं असंही असतं. डिस्प्ले गेलेला, मॅन्युअल कुठेच न मिळणारा, कॅलिब्रेशनमधून दर वर्षी सरकणारा मीटर ओढत नेण्यात शहाणपण नाही. आणि एक फसवा प्रकार: टर्मिनलवर डी-प्लस, डी-मायनस छापलेलं असतं, आत कार्डच नसतं. एकाच मॉडेलचे मीटर पोर्टसह आणि पोर्टशिवाय असे दोन्ही विकले जातात, बाहेरचा साचा सारखाच. फरक ऑर्डर कोडच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांत असतो. तेव्हा कन्व्हर्टर मागवण्याआधी प्रत्येक मीटरच्या मागचा स्टिकर मोबाईलवर टिपून घ्या आणि कोड कॅटलॉगशी ताडून बघा. ज्यांत पोर्ट नाही त्यांचं पल्स आउटपुट आहे का तेही त्याच कोडवरून कळतं; तेही नसेल, तर तेवढेच मीटर बदलायच्या यादीत टाका.