सुप्रास्पायनेटस आणि पहिले 15 अंश

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. हात बाजूला उचलताना पहिले 15 अंश सुप्रास्पायनेटसचे (खांद्याच्या वरच्या बाजूचा छोटा, खोलवरचा स्नायू) आणि पुढचे काम डेल्टॉइडचे (खांद्यावरचा मोठा, जाड स्नायू), असे पाठ्यपुस्तकांत शिकवले जात असताना हे दोन्ही स्नायू आरंभापासून एकत्र काम करतात असे मी लिहिले, हा आपला मुख्य आक्षेप आहे. शिवाय सुप्रास्पायनेटस दंडाच्या हाडाचा माथा खाली ओढतो, हे माझे विधान आपण चुकीचे ठरवले आहे.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. हा स्नायू फऱ्याच्या वरच्या खोबणीतून निघून जवळजवळ आडवा दंडाच्या हाडाच्या मोठ्या उंचवट्याकडे जातो, त्यामुळे त्याची ओढ मुख्यतः आतल्या दिशेने असते आणि माथा खांद्याच्या सांध्यातील उथळ खोबणीत दाबून धरला जातो. खाली ओढण्याचे काम प्रामुख्याने सबस्कॅप्युलॅरिस, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर या खांद्याच्या इतर तीन स्नायूंच्या तिरक्या तंतूंचे आहे.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. वान लिंगे आणि मुल्डर या संशोधकांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या स्नायूला चालवणारा सुप्रास्कॅप्युलर चेतातंतू बधिर करण्यात आला होता. त्यामुळे सुप्रास्पायनेटसच नव्हे, तर इन्फ्रास्पायनेटसही निकामी झाला, आणि तरीही हात पूर्ण वर जात होता, फक्त त्याची ताकद घटली होती. सुरुवात खरोखर या एकाच स्नायूची असती, तर हात अंगापासून सुटलाच नसता. स्नायूंतील विद्युत हालचालींच्या नोंदींतही हात हलण्यापूर्वीच डेल्टॉइड जागा झालेला दिसतो.

जुन्या समजुतीला काहीच आधार नव्हता, असे मी म्हणणार नाही. हात खाली लोंबत असताना डेल्टॉइडची ओढ बरीचशी वरच्या दिशेने जाते आणि हात बाजूला फिरवण्यासाठी त्याला तरफेचा फायदा कमी मिळतो. नेमक्या त्या स्थितीत सुप्रास्पायनेटसची मदत मोलाची ठरते. परंतु मदत करणे वेगळे आणि एकट्याने आरंभ करणे वेगळे.

सुप्रास्पायनेटसची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटलेले रुग्ण अंग एका बाजूला झुकवून हात उचलतात, हे आपले निरीक्षण खरे आहे. त्यामागे बहुधा वेदना असते, किंवा फाट इन्फ्रास्पायनेटसपर्यंत पसरल्याने माथा खोबणीत स्थिर राहत नाही. केवळ सुप्रास्पायनेटसची कंडरा आरपार फाटलेली असूनही विनातक्रार हात वर नेणाऱ्या व्यक्ती, विशेषतः उतारवयात, दुर्मीळ नाहीत.

माथा खाली ओढण्याविषयीचे वाक्य मी दुरुस्त केले आहे. 15 अंशांविषयीचे वाक्य तसेच ठेवले आहे.