'मॅगट ब्रेन'मधले वादक हरवलेले नाहीत

गिटार शिकणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात मला एक ऑडिओ फाइल आणि तिच्यासोबत फिरणारा लांबलचक मजकूर पाठवला. खाली त्याने लिहिले होते, "मामा, तू इतकी वर्षं हे अर्धंच ऐकत होतास." फंकाडेलिक या अमेरिकी फंक-रॉक बँडच्या १९७१ सालच्या 'मॅगट ब्रेन' या अल्बममधील शीर्षक-रचनेचे हे '८डी सराउंड', म्हणजे आवाज चहूबाजूंनी येतो असे भासवणारे, रूप मूळ टेपवरून केले आहे, त्या काळीही सराउंड होतेच, स्टिरिओच्या मर्यादेमुळे दबलेले वादक त्यात परत आले आहेत, बँडचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन यांना ते असेच हवे होते आणि हेडफोनवर पूर्ण आवाजात रोज ऐकल्यास नैराश्य जाते, असे त्या मजकुराचे म्हणणे आहे. याआधी तो तिघांकडून आला तेव्हा मी सोडून दिला होता, पण घरातला मुलगाच त्यावर विश्वास ठेवू लागल्यावर गप्प राहणे मला शक्य नाही.

दबलेल्या वादकांचा दावा सर्वांत निराधार आहे, कारण तो या रचनेचा प्राणच नाकारतो. डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड सिस्टिम्स स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली तेव्हा बँडचे गिटारवादक एडी हेझेल जेमतेम विशीचे होते. आई गेल्याची बातमी आत्ताच कळली आहे असे समजून वाजव, असे आपण त्यांना सांगितल्याचे क्लिंटन यांनीच नंतर सांगितले आहे. बाकीचा बँडही वाजवत होता. मात्र मिक्सिंगच्या वेळी क्लिंटन यांनी इतरांचे ट्रॅक खाली ओढले आणि हेझेल यांची गिटार, तिच्यामागची दुसरी संथ गिटार आणि लांबत जाणारे प्रतिध्वनी एवढेच मुख्यतः पुढे ठेवले. दहा मिनिटे ऐकताना जाणवणारा पोरकेपणा त्या निर्णयातून आला आहे. स्टिरिओच्या दोन वाहिन्यांत बँड मावत नव्हता म्हणावे, तर त्याच अल्बमच्या शेवटच्या 'वॉर्स ऑफ आर्मगेडन'मध्ये तालवाद्ये, गर्दीचे आवाज आणि स्फोट हे सारे त्याच दोन वाहिन्यांत खच्चून भरलेले आहे. शिवाय २००५ च्या पुनर्प्रकाशनात शीर्षक-रचनेचे बँडसह मिश्रण जादा ट्रॅक म्हणून जोडलेले आहे. ज्यांना ते वादक ऐकायचे आहेत, त्यांना ते तिथे साध्या स्टिरिओत ऐकू येतात. हा एक ट्रॅक समोर असताना 'हरवलेले परत आणले' हे म्हणणे टिकत नाही.

'मूळ टेपवरून' हेही खोटे आहे. ती फाइल मी संगणकावर ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तेव्हा दोनच पट्ट्या दिसल्या. डावी फुगते तेव्हा उजवी चपटी होते आणि दर दहा-बारा सेकंदांनी हेच उलटे होते. तयार स्टिरिओ गाणे या कानातून त्या कानाकडे फिरवून वर थोडा घुमारा चढवला आहे, एवढेच. खऱ्या सराउंड मिश्रणासाठी मूळ बहुट्रॅक टेपवरचे एकेक वाद्य वेगळे घेऊन त्याची जागा ठरवावी लागते; इथे मात्र अख्खी रचना एका गाठोड्यासारखी डोक्याभोवती फिरते. त्यात क्लिंटन यांनी विचारपूर्वक योजलेले प्रतिध्वनीही फरफटत जातात.

नैराश्याविषयीच्या दाव्याला कसलाही आधार नाही. ज्यांना खरोखर त्रास आहे, त्यांनी डॉक्टरकडे जावे. 'पूर्ण आवाजात रोज' हा सल्ला तर सरळ घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो आणि आवाज वाढेल तशी ही मुदत झपाट्याने घटते. ज्याला वाद्य शिकायचे आहे, त्याने तरी कानांशी हा खेळ करू नये.

त्या मजकुरातली एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. त्या काळी सराउंड होते, हे खरे आहे. सत्तरच्या दशकात चार वाहिन्यांच्या क्वाड तबकड्या विकल्या जात होत्या आणि जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्या १९७३ च्या 'हेड हंटर्स' या अल्बमचेही क्वाड मिश्रण कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने काढले होते. मूळ टेप हाताशी घेऊन, जाणत्या माणसाने केलेल्या अशा कामाला माझा विरोध नाही, उलट ते मी आवडीने ऐकतो. 'मॅगट ब्रेन'चे तसे काम करणाऱ्याने हेझेल यांचे प्रतिध्वनी खुशाल पाठीमागच्या स्पीकरपर्यंत न्यावेत, पण ड्रम परत आणले तर ते आपण आणले, हे वेष्टनावर स्पष्ट लिहावे.