एक निवडणूक, तीन पंतप्रधान

ब्रिटनमध्ये नेतृत्वाचा पेच उभा राहिला की मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: "ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, ही ब्रिटनची साधी पद्धत आहे, म्हणून तिथे एका पक्षाचं भक्कम सरकार येतं. पंतप्रधान बदलतात ते नेते कच्चे निघाले म्हणून, त्यात पद्धतीचा काय दोष? प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, आणलं तर ब्रिटनचं इटली होईल, टोकाचे पक्ष संसदेत घुसतील, मतदाराला स्वतःचा खासदार उरणार नाही. आणि २०११ मध्ये जनतेनंच सार्वमतात हे नाकारलं आहे."

मी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये राहते. माझं पारपत्र भारताचं आहे, पण राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथे राहत असल्यास संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, त्यामुळे चार सार्वत्रिक निवडणुकांत मी मतदान केलं. माझ्या मतदारसंघात चारही वेळा कोण येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मजकुरातल्या "साधी पद्धत" या शब्दांवर माझा जीव अडखळतो तो तिथेच.

आधी स्थैर्याचं बोलू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा मिळाल्या, म्हणजे ८० जागांचं बहुमत. याहून भक्कम सरकार कोणतं हवं? त्याच एका निवडणुकीच्या जोरावर देशानं तीन पंतप्रधान पाहिले. जुलै २०२२ मध्ये मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावली आणि जॉन्सन पायउतार झाले. लिझ ट्रस आल्या, ४९ दिवसांत गेल्या. मग ऋषी सुनक. २०१६ च्या जुलैपासून २०२४ च्या जुलैपर्यंत मोजलं तर कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर अशी सहा नावं होतात. जर्मनीत प्रमाणशीर पद्धत आहे, आघाड्याच असतात, आणि तिथे १९४९ पासून आजवर एकूण दहा चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले. या पूर्ण काळात ब्रिटनमध्ये अठरा जण पंतप्रधानपदी बसले. गंमत नव्हे, खरी नोंद आहे: २०१० नंतर ब्रिटनमध्ये ज्या एकाच सरकारनं एका पंतप्रधानासह पूर्ण पाच वर्षं काढली, ते २०१० ते २०१५ चं हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचं आघाडी सरकार होतं.

"पण दोष नेत्यांचा," असं मजकूर म्हणतो. नेत्यांचा दोष होताच, ट्रस यांच्या करकपातीच्या अंदाजपत्रकाचं समर्थन मी करणार नाही. पण अशी माणसं तिथवर पोचतात कशी, हे विचारायला हवं. ट्रस यांना पंतप्रधान कोणी केलं? हुजूर खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक यांना १३७ मतं होती आणि ट्रस यांना ११३. तरी अखेरचा कौल पक्षाच्या वर्गणीदार सदस्यांचा होता आणि तिथे ८१,३२६ जणांनी ट्रस यांना निवडलं. साडेचार कोटींहून जास्त मतदारांच्या देशाचा पंतप्रधान ठरवायला एवढी माणसं पुरली, कारण बहुमत एका पक्षाच्या खिशात होतं. आघाडी असती तर नव्या नावाला आणि त्या अंदाजपत्रकाला दुसऱ्या पक्षाची संमती लागली असती. आघाडीतही चुका होतात, पण निदान कोणाला तरी विचारावं लागतं.

यामागचं कारण मला आणखी खोल वाटतं, आणि त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही. या पद्धतीत मोठ्या पक्षातून फुटून निघणं म्हणजे आत्मघात. १९८१ मध्ये मजूर पक्षातून काही जण बाहेर पडले आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला. १९८३ मध्ये त्यांना लिबरल पक्षाबरोबरच्या युतीत २५.४ टक्के मतं मिळाली. मजूर पक्षाला २७.६ टक्के. फरक दोन टक्क्यांचा, पण युतीला जागा २३ आणि मजूर पक्षाला २०९. फेब्रुवारी २०१९ मध्ये मजूर पक्षाचे आठ आणि हुजूर पक्षाचे तीन खासदार बाहेर पडून एकत्र आले. त्याच डिसेंबरच्या निवडणुकीनंतर त्यांच्यातला एकही संसदेत परतला नाही.

हे सगळे खासदार पाहतात आणि शहाणे होतात. पटत नसलं तरी आतच राहायचं. ब्रेक्झिटच्या काळात हुजूर पक्षात अक्षरशः दोन पक्ष एका छताखाली नांदत होते. वेगळी चूल मांडता येत नाही, तेव्हा भांडण एकाच गोष्टीवरून होतं: कर्ता कोण? म्हणून तिथे धोरणावरचा प्रत्येक वाद नेता बदलण्याच्या वादात जाऊन थांबतो. थेरेसा मे त्यात गेल्या. आणि हा रोग एका पक्षाचा नाही. १७० हून अधिक जागांचं बहुमत असलेलं मजूर पक्षाचं स्टार्मर सरकार २०२५ च्या उन्हाळ्यात अपंगांच्या भत्त्यांतल्या कपातीवरून स्वतःच्याच खासदारांपुढे मागे हटलं.

ते बहुमत तरी कसलं होतं पाहा. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३ लाख मतं मिळाली आणि जागा २०२. त्याला ऐतिहासिक पराभव म्हटलं गेलं. २०२४ मध्ये स्टार्मर यांना सुमारे ९७ लाख मतं मिळाली आणि जागा ४११. मतं सहा लाखांनी कमी, जागा दुप्पट. ३३.७ टक्के मतांवर संसदेतल्या ६३ टक्के जागा. हातात सत्ता पूर्ण आणि पाठीशी माणसं एक तृतीयांश, तीही मतदानाला आलेल्या साठ टक्क्यांतली. अशा सरकारची लोकप्रियता काही महिन्यांत ओसरली तर नवल काय? पाया रुंद नव्हताच, इमारत तेवढी उंच झाली.

नॉरफोकच्या नैऋत्य मतदारसंघात याच निवडणुकीत ट्रस स्वतः पडल्या. टीव्हीवर तो क्षण मोठा करून दाखवला. त्यांना हरवणाऱ्या मजूर उमेदवाराला २६.७ टक्के मतं होती, हे किती जणांच्या लक्षात राहिलं? चारांतल्या जवळपास तिघांनी ज्याला मत दिलं नाही, तो त्या सर्वांचा प्रतिनिधी झाला.

आता टोकाच्या पक्षांची भीती. ही भीती मला खोटी वाटत नाही. परदेशातून आलेल्या माझ्यासारख्या बाईला ती घरात, बसमध्ये, मुलांच्या शाळेच्या दाराशी जाणवते. म्हणूनच सांगते, ही पद्धत धरणाच्या भिंतीसारखी वागते. पाणी भिंतीखाली आहे तोवर थेंब बाहेर येत नाही. २०१५ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाला जवळपास ३९ लाख मतं पडली आणि जागा मिळाली एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतांवर ५६. २०२४ मध्ये नायजेल फराज यांच्या स्थलांतरविरोधी रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२.२ टक्क्यांवर ७२. इतक्या लोकांचं मत वाया गेलं की राग निवत नाही, साचतो. आणि पाणी भिंतीच्या वर चढलं की सगळं गाव एकदम बुडतं. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मनं ६७७ जागा आणि दहा परिषदा जिंकल्या, त्यांत केंटसारखी हुजूर पक्षाची जुनी गढीही होती. मतं चार-पाच पक्षांत विभागली असताना तीस टक्क्यांच्या आसपास पोचलेला कोणताही पक्ष या पद्धतीत एकट्याच्या बळावर पूर्ण सत्ता मिळवू शकतो.

नेदरलँड्समध्ये २०२३ ला गीर्ट विल्डर्स यांचा कडवा उजवा पक्ष पहिला आला. २३.५ टक्के मतं, १५० पैकी ३७ जागा, जेवढ्यास तेवढ्या. सरकार बनवायला भागीदार लागले आणि भागीदारांनी त्यांना पंतप्रधान होऊ दिलं नाही. ते सरकारही २०२५ मध्ये कोसळलं, हे खरं. पण एक चतुर्थांश मतांवर त्यांना अख्खा देश मिळाला नाही. मला विचाराल तर भिंत ही आहे.

इटलीचा मुद्दा लवकर संपतो. युद्धोत्तर इटलीत सरकारं भराभर पडली, ते प्रमाणशीर पद्धतीच्या काळातच. १९९३ नंतर इटलीनं पद्धत अनेकदा बदलली, एकसदस्यीय मतदारसंघ आणले, तरी सरकारं पडायची थांबली नाहीत. आघाडी जुळायला वेळ लागतो हे मात्र मान्य करायला हवं. बेल्जियमला २०१०-११ मध्ये ५४१ दिवस लागले. तो त्रास खरा आहे.

"स्वतःचा खासदार उरणार नाही" या वाक्यामागे बहुधा बंद यादीची पद्धत आहे, जिच्यात पक्ष नावं ठरवतो आणि मतदार फक्त पक्ष निवडतो. तिला माझाही विरोध आहे. पण प्रमाणशीर पद्धत म्हणजे फक्त ती नव्हे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजवायला दूर जावं लागत नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रमानं मतं देतात, पहिल्या पसंतीचा कोटा ठरतो, जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, आणि मतमोजणीच्या रात्री आपण सगळे ते गणित मांडत बसतो. राज्यसभाही तशीच निवडली जाते. हीच एकल संक्रमणीय मताची पद्धत आयर्लंडमध्ये सामान्य मतदार वापरतात. एका मतदारसंघातून तीन ते पाच प्रतिनिधी येतात. घराच्या अडचणीसाठी एकाचं दार बंद असलं तर दुसऱ्याकडे जाता येतं, आणि त्यांच्यातला एक तरी बहुधा आपण मत दिलेला असतो. लंडनच्या संसदेखेरीज ब्रिटनमध्येही हे परकं नाही: उत्तर आयर्लंडची विधानसभा आणि २००७ पासून स्कॉटलंडच्या स्थानिक परिषदा अशाच निवडल्या जातात.

राहिलं २०११ चं सार्वमत. ६७.९ टक्क्यांनी नाही म्हटलं, मतदान ४२ टक्के. पण प्रश्न काय होता? पर्यायी मताची पद्धत हवी का, एवढाच. तिच्यात मतदारसंघ एकसदस्यीयच राहतो, फक्त पसंतीक्रम लिहायचा. जागा मतांच्या प्रमाणात येण्याची हमी नसते. प्रमाणशीर प्रतिनिधित्व हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. त्याआधी १९९७ मध्ये मजूर पक्षानं जाहीरनाम्यात निवडणूक पद्धतीवर सार्वमताचं वचन दिलं, १९९८ मध्ये रॉय जेन्किन्स यांच्या आयोगानं अहवालही दिला. पण मजूर पक्षानं ते सार्वमत घेतलंच नाही, कारण जुन्याच पद्धतीनं त्याला प्रचंड बहुमत दिलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅट खासदार सारा ओल्नी यांचा प्रमाणशीर पद्धतीचा प्रस्ताव कॉमन्स सभागृहानं १३८ विरुद्ध १३६ मतांनी मांडू दिला, पण सरकारनं त्याला पाठबळ दिलं नाही.

ज्यांनी प्रमाणशीर पद्धत प्रत्यक्ष वापरली, त्या लोकांनाही हा प्रश्न विचारला गेला आहे. न्यूझीलंडनं ब्रिटनची पद्धत सोडून १९९६ मध्ये मिश्र प्रमाणशीर पद्धतीनं पहिली निवडणूक घेतली आणि २०११ मध्ये, ब्रिटनच्या सार्वमताच्याच वर्षी, ती ठेवायची का असा कौल घेतला. सुमारे ५८ टक्के लोक ठेवा म्हणाले. आयर्लंडमध्ये तर सत्ताधारी पक्षानंच ब्रिटनची पद्धत आणायचा घाट घातला होता, १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये. दोन्ही वेळा मतदारांनी ती परत पाठवली.