गंगावन नको मला

मावसबहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. परवा सगळ्याजणी ब्लाउजचं बघायला जमलो होतो, तेव्हा मोठ्या मावशीने पिशवीतून एक पुडकं काढून हळूच माझ्या हातात ठेवलं. उघडलं तर गंगावन, आपल्या केसांना जोडायचे उसने केस. काळंभोर, सरळ, कमरेपर्यंत येईल एवढं. "फोटो कायमचे राहतात गं. तेवढ्या दिवसापुरतं लाव, तुझे वाढेपर्यंत." मावशीच्या मनात मायाच होती. ते आणायला ती उन्हातान्हाची दादरला जाऊन आली होती, म्हणून तिथे काही बोलले नाही. पण ते "वाढेपर्यंत" दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

माझे केस कुरळे आहेत. बोटाला गुंडाळले की अंगठीसारखे गोल बसणारे. बाबांवर गेलेत. हेच केस बाबांच्या डोक्यावर रुबाबदार होते आणि माझ्या डोक्यावर आले की त्यांच्या झिपऱ्या व्हायच्या. रोज सकाळी शाळेआधी आई खोबरेल चोपडून बारीक दातांच्या फणीने विंचरायची आणि दोन घट्ट वेण्या घालायची. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. आईला दोष देत नाही. कुरळे केस कोरडे असताना विंचरायचे नसतात, हे तिला तरी कोणी सांगितलं होतं?

चोविसाव्या वर्षी लग्न ठरलं आणि स्मूदनिंग केलं. मग अकरा वर्षं करतच राहिले. केसातल्या प्रथिनांना गंधकाचे बंध धरून ठेवतात. रसायनाने ते तोडायचे, गरम इस्त्रीने केस ताणून सरळ करायचा आणि त्याच अवस्थेत ते पुन्हा जुळवायचे, असा तो प्रकार. एकदा सरळ झालेला केस परत कुरळा होत नाही. मुळातून येणारा नवा केस मात्र कुरळाच येतो, कारण त्याचं वळण टाळूच्या आत ठरतं. त्यामुळे माझ्या डोक्यावर कायम दोन प्रकारचे केस असायचे आणि जिथे ते एकमेकांना भेटतात, नेमके तिथेच तुटायचे. चौदा महिन्यांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, सगळा सरळ भाग कापून टाकला. राहिले जेमतेम दोन इंच. पार्लरमधल्या मुलीने कात्री हातात घेऊन तीनदा विचारलं, "ताई, नक्की ना?"

घरी येऊन डोकं धुतलं. आरशासमोर उभी होते. कपाळावरची एक बट, टोकाला पाण्याचा थेंब. थेंब गळून पडला आणि ती बट माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू आत वळली, गोल झाली. मी हातही लावला नव्हता. अकरा वर्षांनी मी माझा केस बघत होते.

बाहेर मात्र पहिला प्रश्न, "बरी आहेस ना?" दुसरा, "बालाजीला जाऊन आलीस का?" बाईचे केस आखूड दिसले की आपल्याकडे आजार, नवस नाहीतर दुःख, एवढंच सुचतं. ही भीती जुनी आहे. नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं, त्याच मातीतल्या आपण. या चालीविरुद्ध 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी संप केला होता, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. चाल गेली, पण "अगंबाई, कापलेस?" यातला हेल अजून तिथलाच आहे.

केस सरळ न करता आहेत तसेच ठेवले की आपण "नॅचरल हेअर" म्हणतो, तो शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी रुजवला. त्यांनी सोसलंय त्याची माझ्या झिपऱ्यांशी तुलना नाही करणार. 1786 मध्ये लुइझियानात त्यांना केस कापडाखाली झाकायचा हुकूम निघाला होता. आणि नोकरीत, शाळेत केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो 2019 मध्ये! ओल्या केसांत कंडिशनर लावून बोटांनी गुंता सोडवायचा, टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती टी-शर्टने टिपायचं, हे सगळं मी त्यांच्याच व्हिडिओंतून शिकले. ऋण आहे ते.

केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. माक्याचं तेल मी लावते, वास आवडतो म्हणून. त्याने वेग वाढेल या आशेवर नाही. आज ओली बट ओढली तर हनुवटीच्या खाली येते. सोडली की टुणकन कानाशी. म्हणून लोकांना वाटतं वाढतच नाहीयेत.

मला लांब केस हवेत, हेही खरं. मुठीएवढा अंबाडा आणि त्यावर मोगरा, हे माझं स्वप्न आहे. पण सुरुवातीचे सहा महिने मी समोरच्याने विचारायच्या आधीच "वाढतायत हळूहळू" असं सांगत सुटायचे, माफी मागितल्यासारखं. आणि फोटो काढू द्यायचे नाही. आज ते दोन इंच केस परत बघावेसे वाटतात. कपाळ सगळं मोकळं होतं, मानेवर वारा लागायचा, हुबेहूब बाबांसारखी दिसायचे, आणि माझ्याकडे त्यातला एकही फोटो नाही. पुढच्या वर्षी आजचे कानापर्यंतचे केसही नसतील. मग ते असताना मी दुसऱ्या कुणाचे तरी केस का लावू?

काल मावशीला फोन करून सांगितलं, गंगावन नवरीच्या अंबाड्याला घालू, तिला लागणारच आहे. थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "आणि तू?" मी सकाळीच करून बघितलं होतं. वीतभर मोगरा, उजव्या कानाच्या वर, चार यू-पिना. सरळ केसांवरून गजरा मुहूर्ताच्या आधीच घसरायचा, दर लग्नात. काल सकाळी आठला माळला, दिवसभर ऑफिस, लोकलची गर्दी, आणि रात्री काढायला गेले तर कुरळ्या बटांनी तो असा धरून ठेवला होता की सोडवायला पाच मिनिटं लागली.