‘दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन’: हा सल्ला कुठे चुकतो

‘कॅन्सरचे उपचार संपले की दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करा. लवकर कळलं तर जीव वाचतो. चमकलं तर कॅन्सर परतला, नाही चमकलं तर निर्धास्त राहा.’ चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत नातेवाईकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला. पेट म्हणजे शरीरात साखर कुठे जास्त ओढली जाते, ती जागा चित्रात चमकवून दाखवणारा स्कॅन.

‘लवकर कळलं तर जीव वाचतो.’ कॅन्सर कुठला, त्यावर ते ठरतं. स्तनाच्या कॅन्सरबद्दल इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ साली आले. लक्षणं नसतानाही हाडांचा स्कॅन आणि छातीचा एक्स-रे करत राहिलेल्या बायका इतरांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. त्या चाचण्यांत पेट नव्हता, हे खरं. पण आजही लक्षण नसेल तर वर्षाला मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी, एवढंच सांगितलं जातं. मोठ्या आतड्याचं वेगळं. तिथून यकृतात पसरलेली एखादी गाठ कापून काढता येते, म्हणून तिथे सीईए ही रक्ततपासणी आणि ठरावीक मुदतीने सीटी. पेट नव्हे.

‘दर तीन महिन्यांनी.’ मशेरी-तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडा-घशाचे रुग्ण बरेच, म्हणून त्यांचंच बोलू. केमो-रेडिएशन संपल्यावर पहिला पेट साधारण १२ आठवड्यांनी करतात. घाई केली तर रेडिएशनची सूजच चमकते. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या १२ आठवड्यांच्या स्कॅनमुळे बहुतेकांची मानेची शस्त्रक्रिया टळली, आणि जगण्याचं प्रमाण घटलं नाही. तो स्कॅन स्वच्छ आला की पुढचं काम डॉक्टरांच्या बोटांचं: तोंड तपासणं, मान चाचपणं, पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी. मानेला रेडिएशन दिलं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी. हे हमखास राहून जातं.

‘चमकलं तर परतला.’ पेटच्या इंजेक्शनमध्ये किरणोत्सारी साखर असते. ती टीबीच्या गाठीत, दाढेच्या पुवात, भरत्या जखमेतही ओढली जाते. शंका असेल तर आधी बायोप्सी, मग केमो.

‘नाही चमकलं तर निर्धास्त.’ आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ निसटू शकते. मेंदू तर मुळातच चमकतो, त्यात गाठ लपते. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा मानेत नवी गाठ दिसली, तर जुना स्वच्छ रिपोर्ट बाजूला ठेवा आणि दाखवायला जा.

खरी गडबड होते तयारीत. आदल्या रात्री भात, आंबा टाळा, मासे चालतात. स्कॅनआधी किमान सहा तास पोटात फक्त साधं पाणी. सकाळची पेज म्हणजे जेवण नव्हे, असं धरून पिऊन आलात तर इन्सुलिन वाढून इंजेक्शनमधलं औषध स्नायूंत जातं आणि चित्र बिघडतं. रक्तातली साखर २००च्या वर असेल तर बहुधा परत पाठवतात, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनची वेळ आधीच विचारा. औषधाचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्मा होतो, तुमच्यासाठी थांबत नाही. पावसाळ्यात मुंबईला जायचं तर आदल्या दिवशीच पोहोचा. आधीच्या स्कॅनची सीडी बरोबर न्या. नुसत्या कागदावरून तुलना होत नाही.