वर्णपटात कुजणं दिसतं का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. मातीतल्या सेंद्रिय पदार्थाचं कुजणं अवरक्त प्रकाशाने मोजण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की अवरक्त वर्णपट (माती कोणत्या तरंगसंख्येचा अवरक्त प्रकाश किती शोषते याचा आलेख) मातीतल्या रासायनिक बंधांची एका क्षणाची स्थिती दाखवतो; विघटन ही काळात घडणारी क्रिया आहे. म्हणून ‘विघटनाचं मापन’ हे माझे शब्द चूक, आणि खरं मापन म्हणजे बंद बरणीत माती ठेवून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणं. दुसरा असा, की मी वर्णपटातल्या ज्या शिखराला, म्हणजे जास्त शोषणाच्या जागेला, कर्बोदकांचं म्हटलं, तिथे सिलिकाही असतं.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. कर्बोदकांचे कार्बन-ऑक्सिजन बंध साधारण 1030 ते 1080 प्रति सेंटीमीटर (हे तरंगसंख्येचं एकक; पुढचे असे आकडेही त्यातच) या पट्ट्यात शोषण दाखवतात, आणि क्वार्ट्झ व चिकणमातीतल्या खनिजांचे सिलिकॉन-ऑक्सिजन बंधही नेमके तिथेच. पीटमध्ये, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, खनिजं फार कमी, म्हणून तिथे 1630 (ॲरोमॅटिक, म्हणजे वलयी कार्बन संयुगांचं) आणि 1030 या शिखरांचं गुणोत्तर कुजण्याची अवस्था बरीचशी सांगतं. मी तेच गुणोत्तर खनिज मातीला लावलं. तसं करायला नको होतं.

यावर माती जाळून उरलेल्या राखेचा वर्णपट वजा करण्याचा उपाय सांगितला जातो. मला तो पटत नाही. 550 अंश सेल्सिअसला केओलिनाइट हे चिकणमातीतलं खनिज आपले हायड्रॉक्सिल गट गमावतं, त्यामुळे वजाबाकीनंतर 3620 ते 3700 च्या आसपास जी शिखरं उरतात ती सेंद्रिय पदार्थाची नसतातच. त्यापेक्षा एकाच मातीचा नमुना बरणीत ठेवण्याआधी आणि नंतर तपासावा. खनिजं दोन्ही वेळा तीच असल्याने वजाबाकीत बहुतांशी निघून जातात, आणि उरतो तो सूक्ष्मजीवांनी केलेला बदल. मात्र नमुने दोन्ही वेळा सारखेच वाळवलेले आणि सारखेच बारीक दळलेले हवेत. पाण्याचं शोषण 1640 च्या जवळ येतं. ओलावा थोडा जरी जास्त राहिला, तरी तो ॲरोमॅटिक संयुगं वाढल्यासारखा भासतो. 2920 आणि 2850 ही कार्बन-हायड्रोजनची शिखरं खनिजांपासून बरीच मोकळी असतात, पण सूक्ष्मजीव स्वतःही मेद तयार करतात, तेव्हा तिथली वाढ पाहून लगेच ‘जुना पदार्थ टिकला’ असं म्हणता येत नाही.

आता पहिला आक्षेप. वर्णपट स्थिती सांगतो, वेग नाही, हे मान्य. एकसारखा वर्णपट असलेल्या दोन मातींपैकी एक पाण्याखाली असेल, तर तिथे ऑक्सिजनअभावी कुजणं कितीतरी मंद चालेल, आणि प्रकाशाला त्याचा पत्ता लागणार नाही.

पण बरणीतला कार्बन डायऑक्साइड हेच एकमेव खरं मापन, हे मी मानत नाही. किती कार्बन गेला हे तो सांगतो. कोणता गेला हे सांगत नाही. चुनखडीयुक्त मातीत तर त्यातला काही भाग कार्बोनेटमधून आलेला असतो. शिवाय तो वायू आज बहुतेक ठिकाणी मोजला जातो तोही प्रकाशानेच: 4.26 मायक्रोमीटरच्या आसपासचं अवरक्त शोषण वापरून. तिथेच लेसरवर चालणारं समस्थानिक मापन (कार्बनच्या हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण मोजणं) जोडलं, तर प्रश्न खोल जातो. प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने मक्यासारख्या सी-4 वनस्पतीच्या अवशेषांतलं कार्बन-13 (जड कार्बन) चं मूल्य ठरलेल्या प्रमाणाच्या तुलनेत सुमारे उणे 13 प्रति हजार असतं, गव्हासारख्या सी-3 वनस्पतींचं सुमारे उणे 27. सी-3 पिकांखालीच राहिलेल्या मातीत मक्याचा पाला मिसळला, की बाहेर पडणाऱ्या वायूत नव्या पाल्याचा वाटा किती आणि जुन्या साठ्याचा किती, हे रोजच्या रोज पाहता येतं. ताज्या पाल्यामुळे जुना पदार्थही जोराने कुजू लागला, तर तेही यातूनच कळतं. नुसत्या एकूण आकड्यात ते पूर्ण झाकलं गेलं असतं.

लेखातलं वाक्य मी असं बदललं आहे: ‘वर्णपट विघटनाची अवस्था दाखवतो, वेगासाठी वायूचं मापन सोबत हवं.’ गुणोत्तराचा तक्ता काढून टाकला आहे. बरणीआधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांचे भेदवर्णपट (एकातून दुसरा वजा केलेले वर्णपट) तयार झाले, की त्याच जागी ते देतो.